लग्न वर, लिफ्ट बंद

बरोबर चार वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि मी... नाही, थांबा, आधी हे ऐका, कारण लोक आता वाट्टेल ते सांगत सुटलेत! मी म्हणे बाह्या सरसावून भांडले, मी म्हणे टेबलावर मूठ आपटली, मी म्हणे कुठल्याशा संघटनेची आहे आणि मला वरून फोन येतात! अहो कसली संघटना? मला सकाळचा चहा दुपारी गरम करून प्यावा लागतो, संघटनेला वेळ कुठून काढू? आणि वरून फोन कुठला, आमच्या वर फक्त गच्चीवरचा हॉल आहे. मी आपली लिफ्टचं विचारायला गेले होते!

सरका हो जरा, बाकावर ह्या पोरीला बसवते. हं. तर रविवार. तळमजल्यावर बिल्डिंगची मीटिंग चारला, आणि मी पोचले चार दहाला, कारण निघता निघता हिनं माझ्या खांद्यावर दूध काढलं, मग कपडे बदलले, मग हिचे बदलले, मग पाच मजले उतरले, एका काखेत ही, दुसऱ्या काखेत हिची पिशवी, दातात किल्ली. घरातून म्हणे कुणीतरी एकानं यायलाच पाहिजे. आमचे हे बस चालवतात, आठवड्यातून एक दिवस सुट्टी, त्या दिवशी झोपले की बसखाली घातले तरी उठत नाहीत. मी म्हटलं, "अहो, मीटिंग." तर डोळे न उघडता म्हणाले, "तू जा, आणि सगळे हात वर करतील तेव्हा कर." झालं! एवढंच मार्गदर्शन!

आता लिफ्टचं तुम्हाला सांगते. आमची लिफ्ट बंद पडली तेव्हा ही नुकती पालथी पडायला शिकली होती. आता भिंतीला धरून चालते. पोर पुढे गेली हो, लिफ्ट आहे तिथंच! दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे लटकलीय, ना इकडची ना तिकडची, आणि आत कुणाची तरी झाडाची कुंडी अडकलीय, जाळीतून दिसते, बिचारीला कुणी पाणीही घालू शकत नाही. आणि आमच्या सासूबाई! त्यांचे गुडघे असे की दोन पायऱ्या चढल्या की जिन्यालाच शिव्या देतात. लिफ्ट बंद पडल्यापासून त्या माउलीचा पाय जमिनीला लागलेला नाही. खिडकीत बसून जगाशी बोलतात. भाजीवाल्याशी पाचव्या मजल्यावरून घासाघीस करतात, आणि जिंकतात! पण रोज संध्याकाळी मला विचारतात, "सूनबाई, लिफ्टचं काय झालं गं?" अशा आवाजात विचारतात ना... मग मला जेवण जात नाही. म्हणून मी ठरवूनच गेले होते, की आज काही झालं तरी लिफ्टचं विचारायचं.

आणि माझा स्वभाव तुम्हाला माहीतच आहे, थोडा काळजीचा. थोडा म्हणजे काय, ही झोपली की मी नाकाखाली बोट धरून बघते. श्वास चालू असतो. मग माझ्या बोटानं हिला जाग येते. मग ही रडते. मग मला बरं वाटतं, रडतेय म्हणजे श्वास घेतेय! मग सासूबाई म्हणतात, "अगं, तू तिला झोपवतेस की तपासतेस?"

तर माझ्यासारखीच्या डोक्यावर देवानं काय ठेवावं? हॉल! बरोबर आमच्या झोपायच्या खोलीवर. कधी कुणाचा वाढदिवस, कधी सणवार नाही की काही नाही, उगाच कुणाची तरी जेवणावळ, खुर्च्या अशा ओढतात की वाटावं रणगाडे चाललेत. ही दचकून उठायची. म्हणून मी जाळी काढायच्या झाडूचा तो लांब दांडा असतो ना, तो घेऊन छतावर ठोकायला लागले. ठक ठक ठक! वरचे चूप. बिल्डिंगमध्ये माझं नावच पडलं, दांडेवाली. पडू दे. एकदा तर मी दांडा घेऊनच मीटिंगला गेले आणि तिथं रडले, आणि रडण्याचा परिणाम असा झाला की नियम झाला: हॉल द्यायच्या आधी हॉलखालच्या घराला विचारायचं, त्यांची हरकत असेल तर हॉल मिळणार नाही. म्हणजे कुणाला विचारायचं? मला! आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी काही विचारणार होतं. पण त्यानंतर कुणी विचारलंच नाही, गुपचूप मोजे घालून वाढदिवस करायला लागले.

हा नियम लक्षात ठेवा हं. पुढं तोच माझ्या गळ्यात आला.

तर मी गेले, मागं दारापाशी खुर्ची घेतली, हिला मांडीवर घेतलं, आणि लगेच हात वर केला. अध्यक्षकाका म्हणाले, "काय?" मी म्हटलं, "लिफ्ट." ते म्हणाले, "लिफ्ट नंतर. आज एकच महत्त्वाचा विषय आहे." पाच मजल्यांच्या बिल्डिंगमध्ये लिफ्टपेक्षा महत्त्वाचा विषय कुठला असतो हो? आग लागली असती तर मला धूर दिसला असता!

तर विषय असा, की आमच्या समोरच्या घरातल्या दोघींना पुढच्या रविवारी हॉल हवा होता. कशासाठी? तर लग्नासाठी. कुणाच्या? तर त्यांच्याच!

आता ह्या दोघी तुम्हाला माहीत आहेत, निदान एक तरी. आरोग्य केंद्रात पोरांना लस टोचते ती उंच, लसवाली ताई. दुसरी दुकानांच्या पाट्या रंगवते, बुटकी, कानामागं ब्रश खोचलेला, तिला सगळे रंगवालीच म्हणतात. मी लग्न होऊन या बिल्डिंगमध्ये आले त्याच्या आधीपासून त्या समोर राहतात. बिल्डिंग त्यांना काय म्हणायची? "त्या दोघी मैत्रिणी." किती गोड मैत्रिणी, किती व्यवस्थित मैत्रिणी, दारात चप्पलसुद्धा ओळीत! आणि मी आले त्याच आठवड्यात मला दारातून ऐकू आलं, "तू पुन्हा ओला टॉवेल पलंगावर टाकलास!" आणि पलीकडून, "मग तू कालपासून माझ्याशी बोलत नव्हतीस ते टॉवेलवरून की आईच्या फोनवरून?" अहो, असं मैत्रिणी भांडतात होय? मी मनात म्हटलं, हे लग्न आहे! शंभर टक्के लग्न आहे! मी नवी नवरी असून मला कळलं, आणि या बिल्डिंगमध्ये पन्नास-पन्नास वर्षं संसार केलेल्या माणसांना हॉलचा अर्ज आल्यावर धक्का बसला!

आणि ताईचं काय सांगू? मी दर दोन दिवसांनी ह्या पोरीला घेऊन त्यांचं दार वाजवते. "ताई, हिचा एक कान गरम लागतोय!" ताई विचारते, "कुठल्या कुशीवर झोपली होती?" "ह्याच." "मग?" "ताई, ही आज नेहमीपेक्षा जास्त हसली!" "बरं मग?" "ताई, ही एका जागी बघत बसते!" ताई हिच्याकडे बघतसुद्धा नाही. माझ्याकडे बघते आणि म्हणते, "आधी तू श्वास घे." मी घेते. मग म्हणते, "सोड." मी सोडते. मग आतून रंगवाली ओरडते, "तिला चहा हवा का विचार!" असं आहे ते घर. माझी आई दूरच्या गावी, फोनवर ती माझ्याहून जास्त घाबरते. मला श्वास घ्यायला सांगणारं माणूस जगात एकच आहे, आणि ते समोरच्या दारात आहे.

तर मीटिंग. मी लिफ्टचं विचारायला गेलेली, आणि तिथं सुरू झालं, "आमचं काही नाही हो, पण..."

पहिल्यांदा शिकवणीवाल्या बाई उठल्या. "आमचं काही नाही हो! ज्याचं त्याचं आयुष्य! पण माझ्याकडे मुलं येतात शिकायला, त्यांनी विचारलं तर मी काय सांगायचं?" आता मी काही बोलले नाही, पण त्या मुलांना मी जिन्यात रोज ऐकते. ती एकमेकांना विचारत होती की लग्नाला आइस्क्रीम आहे का. एवढाच प्रश्न आहे मुलांचा! त्याचं उत्तर बाईंना येत नाही?

मग निवृत्त मास्तर उठले. त्यांना उठायला वेळ लागतो पण बसायला त्याहून जास्त. "एक तांत्रिक मुद्दा. विरोध नाही, फक्त तांत्रिक मुद्दा. वकिलाकडे यांचा जो कागद होणार आहे त्याला सहजीवनाचा करार म्हणतात. लग्न म्हणत नाहीत. तर यांनी लग्न हा शब्द वापरू नये. बाकी सुखी राहावं." मी सातवी शिकलेली बाई, मला तांत्रिक काय कळणार? पण मला एवढं कळलं की मास्तरांच्या मते त्यांनी एकत्र राहावं, एकत्र म्हातारं व्हावं, एकमेकींची आजारपणं काढावीत, फक्त त्याला काय म्हणायचं ते मास्तरांना विचारून म्हणावं!

अध्यक्षकाकांना हे एकदम आवडलं. "बरोबर! हॉलच्या पाटीवर स्पष्ट लिहिलंय: लग्न, वाढदिवस आणि सभा यांसाठी. हे लग्न नाही. मग बसणार कशात?"

तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या चष्मेवाल्यांना सुचलं. भला माणूस, कुणाचं मन मोडवत नाही, म्हणून रोज काहीतरी घोटाळा करून ठेवतो. म्हणाले, "मग वाढदिवस म्हणून देऊ या ना! कोण बघतंय? केक कापा, फुगे लावा, तुमचं काय ते आत उरकून घ्या!"

रंगवाली म्हणाली, "कुणाचा वाढदिवस?"

"कुणाचाही! दोघींचा!"

"एकाच दिवशी?"

"योगायोग म्हणायचं!"

मग मागून कुणीतरी, "त्यापेक्षा सभा म्हणा." तर अध्यक्षकाका ताठ झाले. "सभा असेल तर अध्यक्षस्थानी मी." म्हणजे बघा! लग्न म्हणून नको, पण मधे खुर्ची टाकून बसायला मिळत असेल तर चालेल! दोघी एकमेकींना वचन देणार आणि मधे हे आभार मानणार!

लोक हसले. मीही हसले. आणि मग रंगवाली उभी राहिली, आणि तिनं कानामागचा ब्रश काढून हातात धरला, ती घाबरली की तसं करते, मला माहीत आहे. म्हणाली, "ती पाटी मीच रंगवलीय. लग्न हा शब्द मीच लिहिलाय, पहिला. मला वाढदिवस नकोय." मग म्हणाली, "माझे बाबा इतकी वर्षं माझ्याशी बोलत नव्हते. आता म्हणाले येईन. पण म्हणाले, भाड्याच्या हॉटेलात नाही येणार. तू जिथं राहतेस तिथं, तुझ्या शेजाऱ्यांसमोर करणार असशील, तर येईन. मला बघायचंय लोक तुला कसं वागवतात." आणि बसली.

सगळे आपापल्या पायांकडे बघायला लागले, जसं काही पाय आजच आलेत. मला वाटलं, झालं, आता हॉल देतील, आणि मग लिफ्टचा नंबर! मी हात अर्धा वरही केला.

तर अध्यक्षकाकांनी घसा साफ केला. "आपल्यापैकी कुणाचाच विरोध नाही, हे मी आनंदानं नमूद करतो. पण..." आणि हळूच मान वळवली, माझ्याकडे! "...पण नियम आहे. हॉलखालच्या घराची हरकत असेल तर हॉल देता येत नाही. पाचव्या मजल्यावर लहान बाळ आहे. आपल्या सूनबाई किती त्रासल्यात हे सगळ्यांना माहीत आहे."

आणि काय सांगू तुम्हाला, सगळी मीटिंग माझ्याकडे वळली! सगळ्यांच्या चेहऱ्यावर इतकी माया, इतकी माया... "हो हो, बिचारं बाळ!" "झोप महत्त्वाची हो!" "या वयात झोप नाही मिळाली तर डोक्यावर परिणाम होतो!" अहो, हेच ते! हेच ते खुर्च्या ओढणारे! शिकवणीवाल्या बाईंच्या भाच्याच्या वाढदिवसाला माझी पोर रडून रडून निळी पडली, तेव्हा कुठं होती ही माया? बाईंनी वरून उलट दोनदा पाय आपटले होते!

आणि त्या गोंधळात अध्यक्षकाका उठून माझ्या खुर्चीपाशी आले. वाकले. आवाज एकदम मधाचा. "सूनबाई, तुम्ही लिफ्टचं विचारत होतात ना? लिफ्टचा माणूस माझ्या ओळखीचा आहे. मी एक शब्द टाकला की उद्या सकाळी दारात. तुम्ही फक्त बाळाच्या झोपेचं काय ते सांगून टाका. बाकी काही बोलायची गरज नाही."

उद्या सकाळी! लिफ्ट! अहो, माझ्या डोळ्यांपुढं काय काय आलं! सासूबाई लिफ्टमधून खाली उतरतायत, हिरवळीवर बसल्यात, भाजीवाला त्यांना समोरून बघून पळतोय... माझे दोन्ही हात मोकळे, दातात किल्ली नाही... आणि त्यासाठी करायचं काय? तर खरं तेच बोलायचं! खोटंसुद्धा नाही! माझी पोर खरंच उठते! सगळ्यांसमोर आधी मीच रडून सांगितलंय! आणि समोर त्या दोघी मागं वळून माझ्याकडे बघतायत. ताई एक शब्द बोलली नाही... बोलली असती तर बरं झालं असतं. म्हणाली असती, बाई गं, तुझ्या पोरीसाठी मी एवढं केलं. नाही म्हणाली. नुसती बघत होती, कान गरम लागतो म्हणाले की बघते तशी.

आणि त्याच क्षणाला ह्या कारटीनं ताईला बघितलं! आता तुम्हाला माहीत आहे का, सगळ्या जगात माझी पोर एकाच माणसाला बघून भोकाड पसरते. ताईला! मांडीत सुई टोचलीय ना, विसरत नाही! असं रडली, असं रडली की खिडक्या हादरल्या, आणि अध्यक्षकाका दोन्ही हात पसरून म्हणाले, "बघा! बाळाचासुद्धा विरोध!"

लोक पुन्हा हसले. आणि त्या हसण्यातून, रडण्यातून, पहिल्या रांगेतून ताईचा आवाज आला. लग्नाचं नाही, हॉलचं नाही. म्हणाली, "आधी तू श्वास घे."

मी घेतला. आणि सोडला. आणि मग माझ्या तोंडातून जे बाहेर पडलं ना, ते मी ठरवलेलं नव्हतं, मी तर लिफ्टचं विचारायला गेले होते!

मी म्हटलं, "माझी हरकत नाही."

अध्यक्षकाका म्हणाले, "काय?"

"हरकत. नाही."

"अहो, पण बाळ..."

"बाळ माझं आहे, झोप तिची आहे आणि छत माझ्या डोक्यावरचं आहे! नियमात खालच्या घराला विचारायचं आहे ना? विचारलंत, मी सांगितलं! लसवाल्या ताईचं लग्न आहे, नाचा म्हणावं! दणादण नाचा! मी दांडा नाही मारणार! आणि कुणाला नको असेल ना, तर त्यानं स्वतःच्या तोंडानं नको म्हणावं, माझ्या पोरीच्या पाळण्यामागं लपायचं नाही! ती रडते ती सुईला रडते! ती पुढच्या महिन्यात पुन्हा टोचून घ्यायला त्यांच्याकडेच जाणार आहे! आणि तुमच्या घरातली पोरंही त्यांनीच टोचलीत! चला, ज्यांना हे लग्न नको त्यांनी हात वर करा, ह्या दोघींकडे बघून! करा!"

एवढं मोठं वाक्य मी जन्मात बोलले नव्हते. पोर उसळ्या मारत होती. म्हणून तर खुर्ची धरली होती, टेबल नव्हतं ते, मूठही नव्हती. पोर काखेत ठणाणा करतेय, आणि मी एकेकाकडे बघतेय. शिकवणीवाल्या बाईंकडे बघितलं. बाई म्हणाल्या, "आमचं काही नाही हो." मास्तरांकडे बघितलं. "माझा फक्त तांत्रिक मुद्दा होता." चष्मेवाल्यांचा हात वर गेला! मी म्हटलं, "तुम्ही?" ते म्हणाले, "नाही नाही, चष्मा वर करत होतो." कोपऱ्यातल्या एका काकांनी मात्र सरळ सांगितलं, "मला नाही पटत. मी येणार नाही. पण हात वर करून मी कुणाचा हॉल अडवणार नाही." मी म्हटलं, "काका, हे चाललं. हे तुमच्या तोंडचं आहे." खरंच सांगते, त्या सगळ्या 'आमचं काही नाही'मध्ये मला तेच जरा बरं वाटलं.

"मग झालं तर!" मी म्हटलं. "कुणाचंच काही नाही, तर हॉल द्या!"

आणि दिला! अध्यक्षकाकांना द्यावा लागला! रंगवालीनं ब्रश पुन्हा कानामागं खोचला. मी लगेच म्हटलं, "आणि लिफ्ट?"

अध्यक्षकाका वही आवरत म्हणाले, "लिफ्टचं अवघड आहे. माणूस बाहेरगावी गेलाय."

"अहो, आत्ता तर उद्या सकाळी येणार होता!"

"आत्ताच गेला."

घ्या!

पाच मजले चढताना मला जो घाम फुटला तो जिन्याचा नव्हता. रंगवालीनं माझी पिशवी घेतली, ताई पोरीपासून लांब, एक मजला मागून, ही रडू नये म्हणून, आणि मी प्रत्येक पायरीला विचार करतेय, सासूबाईंना काय सांगू? काय सांगू? त्या म्हाताऱ्या माणसाची लिफ्ट मी एका श्वासात घालवून आले!

सासूबाई खिडकीत बसल्या होत्या. "सूनबाई, लिफ्टचं काय झालं गं?"

मी सगळं सांगून टाकलं. उभ्यानंच. चपलाही काढल्या नाहीत.

"म्हणजे," सासूबाई म्हणाल्या, "लिफ्ट होत होती, आणि तू हॉल दिलास."

"हो."

"माझे गुडघे माहीत असून."

"हो, आई."

आमचे हे आवाजानं उठून दारात आले, केस उभे, म्हणतात, "तू बोललीस? तू? सगळ्यांसमोर? मला विचारायचंस तरी!" मी म्हटलं, "तुम्हाला उठवायला गेले होते, तुम्ही हात वर करायला सांगितलंत. सगळ्यांचे खाली होते." हे पुन्हा झोपायला गेले.

सासूबाईंनी गुडघे चोळले. मग म्हणाल्या, "लग्न कुठं आहे म्हणालीस?"

"वर. आपल्या डोक्यावर."

"किती जिने?"

"एकच, आई."

"अगं मग!" अशा वळल्या माझ्याकडे, खुर्ची करकरली! "सगळ्या जगाची लग्नं खाली! नातीगोती खाली, बारशी खाली, परवा माझ्या सख्ख्या भाच्याचं लग्न झालं, मी खिडकीतून अक्षता टाकल्या म्हण हवं तर! इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्या गुडघ्यांचा विचार करून लग्न ठरवलंय! माझी चांगली साडी काढ."

मी म्हटलं, "आई, पण दोन मुलींचं लग्न... तुम्हाला पटतं?"

"ते मी वर गेल्यावर बघून ठरवीन. आत्तापासून कशाला ठरवू? आधी जेवण कसं आहे ते कळू दे."

तर असं सगळं आहे. ते म्हणतात ना मी भांडले, तर हे एवढंच भांडले. आता मला नवीन काळजी लागलीय ती वेगळीच, एवढी माणसं नाचली आणि छत खाली आलं तर? ताईला विचारलं. काय म्हणाली असेल? बरोबर. श्वास घेतला. आणि दांडा मी रंगवालीला देऊन टाकला, ती त्याला फुलांची माळ टांगणार आहे. हॉलच्या पाटीला तर हातसुद्धा लावायला नको, लग्न पहिल्यापासून लिहिलेलंच आहे.

पण खरी काळजी कसली, तर तिच्या बाबांची. म्हातारा माणूस, इतक्या वर्षांनी येणार, शेजारी मुलीला कसं वागवतात ते बघायला येणार, आणि बघणार काय? बंद लिफ्ट! सहा जिने! मधेच दमून परत फिरले तर? म्हणून मी काय केलं, दारोदार फिरले आणि प्रत्येक मजल्यासाठी एकेक खुर्ची मागितली, जिन्यात ठेवायला, म्हणजे बसत बसत येतील. शिकवणीवाल्या बाईंनी दिली. "आमचं काही नाही हो," म्हणत दिली. ते न पटणारे काका, त्यांनी खुर्ची दिली आणि वर पाण्याचा तांब्या ठेवतो म्हणाले, येणार मात्र नाहीत. अध्यक्षकाकांनी नाही दिली. त्यांच्या बायकोनं दिली, गादीची, काका तिच्यावर बसले होते तरी.

तर आता तुम्ही एवढं काम करा. येत्या रविवारी आहे, भेटेल त्याला सांगा, बसस्टॉपवर सांगा, केंद्रात रांगेत सांगा, की लसवाल्या ताईचं आणि रंगवालीचं लग्न आहे, लग्नच म्हणा, आणि लिफ्ट बंद आहे. दर मजल्यावर खुर्ची ठेवलीय. बसायचं, श्वास घ्यायचा, मग वर यायचं. आणि हो, तुमच्यापैकी कुणाच्या ओळखीत लिफ्टचा माणूस असेल, तर त्याला तर नक्की सांगा! आग्रहाचं बोलावणं आहे म्हणावं. नवा शर्ट घालून ये, पोटभर जेव, मनसोक्त नाच... फक्त येताना पाना-पक्कड खिशात असू दे.

काय करणार? मी आपली लिफ्टचंच विचारायला गेले होते!